चंदीला सांगितलं

अल्लीपूर,
१२ मार्च १९९८

चि. रीतास, ताईचा पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल. तूर निघाली, सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात. तुझं पत्र पोचलं. 'सातवा लागला, पाय सुजतात, दवाखान्याचं घरचे ठरवतील तसं.' हे शेवटचं काही मला पचलं नाही. म्हणून आमच्या बकरीची, चंदीची गोष्ट सांगते.

तुला ठाऊकच आहे, आमच्याकडे सून सासऱ्यांशी बोलत नाही. जे सांगायचं ते बकरीला. "चंदे, पाणी तापलं म्हणावं." सासरे, म्हणजे मामाजीही उत्तर चंदीलाच देतात.

या खेपेला माझेही पाय सुजले. नर्सबाईंनी बी.पी. बघून बजावलं, बाळंतपण वर्ध्याला दवाखान्यातच. यांनी सासूबाईंना विचारलं, त्यांनी मामाजींना, मामाजींनी देवकाबाई सुईणीला. मला सोडून साऱ्यांना विचारून झालं. मी पदर ओढून म्हटलं, "चंदे, मले वर्धेले जाचं आहे."

मामाजी म्हणाले, "चंदे, तिले सांग, आपल्या घरचे सारे घरीच झाले."

चंदीनं माझ्या पदराचं टोक चावून खाल्लं.

माझा पहिलाही घरीच झाला होता, रीता. त्याचं नाव ठेवायचंसुद्धा राहिलं.

मग चंदीच विताना अडली. मामाजींनी अनवाणी सायकल हाणली आणि गुरांच्या डॉक्टरला डबलसीट घेऊन आले. चंदी वाचली, पिल्लंही वाचली. मामाजी घाम पुसत बसले, तशी मी समोर जाऊन उभी राहिले.

"मामाजी, चंदीसाठी कोणाले इचारलं तुम्ही? मलेच काऊन घरी ठेवून राह्यले?"

सासूबाईंच्या सुपातली डाळ सांडली. यांना खोकल्याची उबळ आली. मामाजी बकरीकडे वळले. मग म्हणाले, "चंदे, तिले सांग, यष्टीत हादरे बसते. जीप सांगतो."

वर्ध्याला सिझर करावं लागलं. डॉक्टरीणबाई परवानगीसाठी यांच्याकडे वळल्या, तर हे म्हणाले, "तिलेच इचारा. आता बोलते." मुलगी झाली. नाव मीच ठेवलं, मयुरी. मामाजी तिला मांडीवर घेऊन चंदीची पिल्लं दाखवतात.

तुमच्या घरी बकरी नाही, रीता. तेव्हा पत्र ठेव आणि सासऱ्यांसमोर जाऊन सरळ बोल. 'घरचे ठरवतील' म्हणाले, तर सांग, मीही घरचीच आहे.

तुझी वाट बघणारी, तोंड फुटलेली
कांताताई