सनदच्या दवाखान्याची दारं

३ नोव्हें., सोम.
सगळं फिरलं ते आज दुपारी, आखातातल्या या सनद गावातल्या साइटवर, सनाच्या अब्बांनी मला 'इंजिनियरसाहेब' म्हटलं तेव्हा.
बिजागऱ्यांचा माल त्यांच्या दुकानातून येतो. आज स्वतः आले. बायकांचा दवाखाना, तपासणीच्या चार खोल्या. एक दार त्यांनी अर्धं उघडलं आणि थांबले. आतला पलंग दिसेना. बिजागरी पलंगाच्या बाजूला, त्यामुळे दारच आड येतं.
"हे कुणाला सुचलं?"
मी सांगणार, तेवढ्यात आमच्या आर्किटेक्ट मॅडम म्हणाल्या, "याला."
मी ड्राफ्ट्समन. सेकंड इयरला प्रिन्सिपलच्या केबिनचं दार आपटून निघालेला.
अब्बा म्हणाले, "आमच्या हिने हॉस्पिटलात फार लाज सोसली. तुमच्यावर घरचे संस्कार दिसतात." १४ला झिंजला त्यांच्या घरी जेवायला बोलावलंय. स.चा मेसेज: "ही इज इम्प्रेस्ड. डोन्ट स्पॉइल इट."

४ नोव्हें.
मॅडमशी भांडलो. खोटं का बोललात?
वंजिरू मॅडम पेन्सिलीला टोक करत होत्या. "रोज माझं डोकं खातोस सना सना करून. मिळतेय तर घे. मी पुढच्या महिन्यात नैरोबीला चालले, खलास. एका दवाखान्याने मला काय फरक पडतो?"
पडतो. त्यांच्या देशात आर्किटेक्ट झालेल्या पहिल्या बायकांतली ही बाई. पहिल्या साइटवर वॉचमनने चहावाली समजून मागच्या दाराने आत घेतलं होतं, तेही आज सांगितलं.
"मग?" मी विचारलं.
"मग काय. आधी चहा वाटला, मग नकाशा उघडला."
त्या हसल्या. मला हसू आलं नाही. इथेही दवाखान्याच्या मालकाचा पुतण्या त्यांच्यासमोर उभा राहून प्रश्न मला विचारतो. आणि मी उत्तरं देतो.

९ नोव्हें., रवि.
स.चा फोन नाही. डोकं ठिकाणावर नाही. एक पूर्ण शीट उलटी काढली.
शेवटी विचारलं, ते दाराचं सुचलं कसं. मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली. सांगितलं तुटक तुटक. बाळंतपण. तिकडचं हॉस्पिटल. दार उघडलं की कॉरिडॉरमधले सगळे आत बघायचे. दिवसभर उघडत होतं.
"मूल राहिलं नाही. दार लक्षात राहिलं."
आणि हे मी येत्या शुक्रवारी बिर्याणी खाता खाता माझं म्हणून...

१२ नोव्हें.
हँडओव्हर. मॅडमचा नियम आहे: ज्याने दारं कागदावर काढली त्यानेच ती लावून बघायची. त्या आत पलंगावर डोळे मिटून ऐकत बसणार. पहिलं मी सवयीने आपटलं.
"पुन्हा. हात सोडू नकोस. लॅच बसेपर्यंत दार तुझं."
चारही लावली. शेवटच्याला आतून आवाज, "हां. आता जमेल तुझं लग्न."
 

१४ नोव्हें., शुक्र.
झिंज. नवा शर्ट. स. वाढत होती, माझ्याकडे न बघता. पण बिर्याणीतला बटाटा मलाच जास्त वाढला. तिच्या मामांना अब्बांनी दाराची गोष्ट सांगितली, माझ्या खांद्यावर हात ठेवून. मामा म्हणाले, "आजकाल अशी मुलं कुठे मिळतात." हेच ऐकायला दोन वर्षं तडफडलोय.
मग अब्बा सहज म्हणाले, "ती आफ्रिकन बाई हो, तुमच्या हाताखालची. चहापाणी बघते का?"
ताटावरून उठलो. ओरडणार होतो. पण आवाज चढवला नाही.
"दवाखाना त्यांचा आहे. दारंही त्यांचीच. मी नुसत्या रेघा मारतो. डिग्री नाही माझ्याकडे."
अब्बांचा घास हातातच राहिला. मामा पाणी प्यायले. स. हातात वाटी घेऊन उभी. "यू कुड हॅव वेटेड," म्हणाली. कशासाठी, ते बोलली नाही. रागावली होती की काय, अजून कळत नाही.
चपला घातल्या. बाहेर आलो, दार ओढलं. आतून कोणी हाक मारतं का म्हणून नव्हे, पण हात सोडला नाही. लॅच बसेपर्यंत.