विचारलंस म्हणून

मयूर विहार, दिल्ली
१८ जानेवारी

चि. कुमुद,

अनेक आशीर्वाद. माझी प्रकृती उत्तम आहे.

तुझ्या शेजारचा फ्लॅट रिकामा झालाय, तेव्हा मी पुण्याला परत यावं, असं तू चारदा लिहिलंस. आता उत्तर देते.

परवा मला ताप होता. थोडासाच. यांच्या आजारपणापासून आमची एक किल्ली समोरच्या भाटियाबाईंकडे असते. त्या सरळ आत आल्या, फ्रिज उघडला, माझी आमटी नापास केली आणि खिचडी टाकली. मग गादी बाल्कनीतल्या उन्हात ओढली, मला तिच्यावर बसवलं आणि मांडीवर स्वतःच्या घरचे दोन किलो मटार ठेवले.

“बैठे-बैठे छील दो, मन लगा रहेगा.”

मी कडक आवाजात म्हटलं, “पूछने का कोई रिवाज है या नहीं?”

“पूछती तो आप मना कर देतीं, बहनजी.”

तीस वर्षं कॉलेजात शिकवलं, पण माझ्या प्रश्नाला असं उत्तर कुणी दिलं नव्हतं. मी मटार सोलायला घेतले. संध्याकाळी ताप उतरला. इथली माणसं अशीच आहेत आणि मला त्यांची सवय झाली आहे. आवडतात, असं म्हटलंस तरी चालेल.

तू मात्र रीतसर विचारलंस, म्हणून माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. रडू नकोस.

तुझ्या विनयरावांची साखर तपासणीत किती आली? खरा आकडा कळव.

आणि तुला इकडे यायचं असेल, तर मला विचारत बसू नकोस. किल्ली भाटियाबाईंकडे आहे.

तुझी,
ताई