कोकिळाची मोटार

४ फेब्रुवारी १९६३
आजपासून लिहायचं. दुसरीपर्यंत शिकली ते वाया जाऊ नये.
मोटारीचं काम मी हाती घेतलं. आमचे हे मलकापूरच्या कापसाच्या जिनात ड्रायव्हर होते. तिथला विलायती साहेब त्याच्या देशी परत गेला तेव्हा आपली लाल मोटार यांले देऊन गेला. दोन सिटांची, बिनटपाची, अंजीन बंद. हे चालवू शकतात, खोलू शकत नाहीत. तेव्हापासून तिच्यात कोंबड्या बसतात.
वरवट बकालच्या पाहुण्यांले मी बैठकीत सांगून टाकलं, आमची कोकिळा मोटारीतून सासरी येईल. व्याही भगवानराव तिथंच नरमले. आखजीले, म्हणजे अक्षय तृतीयेले, लग्न. तोवर अंजीन चालू. विषय संपला.

९ फेब्रुवारी
तुळशीराम मिस्त्रीले बोलावलं. म्हणे, सामान मुंबईहून येईल, उन्हाळा जाईल. वरून म्हणे, बाईनं हात लावू नये. चहा पाजून वाटेले लावला. शिलाई मशीन मी खोलून जोडली आहे. हे तिच्याहून मोठं, बस.

१६ फेब्रुवारी
खोललं. आत नुसता काळा मळ. राख-चिंच लावून सगळं घासलं. चार पिस्टन लोट्यासारखे चकाकतात. जाऊ शालूबाई येऊन विचारते, ही भांडी कोणाच्या घरची? म्हटलं, तुझ्या घरची असती तर तू मोडीत घातली असती.

२ मार्च
जोडलं. कोणता पिस्टन कोणत्या भोकातला, ते ध्यानात नाही. सारखेच तर आहेत. एक स्प्रिंग उरली. साहेब लोक सामान जास्तीचं टाकतात. फाटकाले लावली.

३ मार्च
हे म्हणाले, मोटारीचं तेल मलकापूरले मिळते, आणतो. यांची वाट कोण पाहील. बैलबंडीच्या आसासाठी जवसाच्या तेलाचा डबा होता, सारा अंजिनात ओतला. बंडीची चाकं त्याच्यावरच फिरली ना इतकी वर्षं? हँडल मारलं, लोण्यासारखं फिरलं. बंडी आता कोणाले लागते.

२८ मार्च
पापड, शेवया, हळद. अंजीन झालंच आहे. रोज पाहायची गरज नाही.

१८ एप्रिल
हँडल फिरत नाही. उन्हानं लोखंड फुगलं असेल. सकाळच्या गारव्यात पाहू.

१९ एप्रिल
गारव्यातही नाही. यांनी जोर लावला, पुतण्या इंद्रभाननं लावला. सारी मोटार हलली, हँडल हललं नाही. घट्ट जोडलं मी, त्याचं हे.

२१ एप्रिल
तुळशीरामले लग्नाचं आवतन म्हणून बोलावलं. त्यानं झाकण काढून बोट घातलं. आत पिवळं, डिंकासारखं.
"बाई, हे तेल सुतार दाराले लावतात. वाळते ते."
आता काय करावं, म्हटलं. म्हणे, दुसरं अंजीन. त्याले काही समजत नाही. या वेळी चहा दिला नाही. रॉकेल ओतून ठेवलं.

२५ एप्रिल
रॉकेलनं काही झालं नाही.
कोकिळा येऊन जवळ बसली. म्हणे, "माय, मी बंडीनं जाईन. तू मले मेंदी लावून दे."
म्हटलं, सासूनं टोमणा मारला तर?
"मारू दे. मोटार असती तरी मारलाच असता."
पोरीची जीभ माझ्यावर गेली. मी मेंदी लावायले बसली, तर माझे हात कोपरापर्यंत काळे. मातीनं घासले, राखेनं घासले. निघेना. शालूबाईनं लावली.

२७ एप्रिल
लग्न काल लागलं. आज पाठवणी. भगवानरावांनी मोटारीभोवती चक्कर मारली, विचारलं. पेट्रोल नाही, म्हटलं. खोटं नाही ते.
बंडी जुंपली. आसाले तेल घालावं म्हणून हे डबा काढायले गेले. रिकामा. गोडं तेल भज्यांत संपलेलं. पाहुण्यांले घाई. तशीच निघाली.
काय ओरडत होती चाकं. गाव दारात येऊन पाहत होतं. कोकिळानं पदर तोंडावर घेतला. रडत होती का हसत होती, समजलं नाही.
बंडी दिसेनाशी झाली तरी ऐकू येत होती. आवाज सरेपर्यंत मी मोटारीत बसून राहिली. दुसऱ्या सिटावर कोंबडी होती. ती उठली नाही.