डोंगा आणि वावधन

प्रिय सुरेंद्र,

इतक्या वर्षांनी माझं अक्षर बघून तुला नवल वाटेल. ऊर्जानगरचा पत्ता तुझ्या बहिणीकडून, मंगलीकडून घेतला. ती फोन नंबरही देत होती, पण हे फोनवर मला नीट सांगता आलं नसतं.

आधी माझं सांगते. मी आता गडचिरोलीत डोमाभाऊंकडे कामाला आहे. बायबल आपल्या झाडीबोलीत आणायचं काम आहे. ते ख्रिस्ती आहेत, मी नाही, आणि व्हावं असं ते कधी म्हणालेही नाहीत. त्यांना नदीकाठच्या मासेमार ढिवराघरची बोली बोलणारं कुणी हवं होतं. गावात कुजबुज झाली तेव्हा आईनं सगळ्यांना एकच सांगितलं, "पोरगी बोली लिवते, धरम नाई लिवत."

डोमाभाऊ काम करता करता जुन्या गोष्टी सांगतात. युरोपात शेकडो वर्षं हा ग्रंथ लॅटिनमध्येच वाचला जाई. चर्चमध्ये उभ्या असलेल्या शेतकऱ्याला त्यातलं काही कळत नसे. तो इंग्रजीत आणणाऱ्या एकाला तर मारून जाळलं. मराठीत तो दोनशे वर्षांपूर्वी आला, छापला गेला थेट बंगालमध्ये. पण ती पुस्तकी मराठी आपल्याकडे वाचली की बाया मान डोलावतात आणि मग हळूच विचारतात, "म्हनजे का झालं?" म्हणून आम्ही प्रत्येक भाग आधी गावात वाचून पाहतो.

गेल्या महिन्यात वादळाचा भाग आला. येशू शिष्यांबरोबर नावेत बसून पलीकडे निघतो, मागं झोपी जातो, वारा सुटतो, पाणी आत येतं. मी नावेला डोंगा केलं, वादळाला वावधन. शिष्य त्याला हलवून उठवतात तिथं लिहिलं, "गुरुजी, आमी बुडून राह्यलो, तुमाले काईच नाई का?" लिहिताना लहानू डोळ्यांपुढं होता. वैनगंगेत तुमचा दोघांचा डोंगा उलटला, तू पोहत काठाला लागलास आणि माझ्या भावाचा देह खालच्या गावाजवळ सापडला. त्यानंतर आपलं ठरलेलं लग्न कुणी मोडलं नाही. तू आलाच नाहीस.

हा भाग मी दुसऱ्या गावात वाचणार होते. आईनंच अडवलं. "आमाले काऊन नाई वाचून दाखवत?" म्हणाली. मग अंगणात बाया बसल्या आणि मी वाचला. येशू उठून वाऱ्याला दटावतो, पाणी शांत होतं. बाया बऱ्याच बोलल्या. आई सूप मांडीवर घेऊन तशीच बसून होती. सगळ्या गेल्यावर तिनं विचारलं, "त्या डोंग्यातले सगळे वाचले?"

मी हो म्हणाले.

"मंग बरं हाये. कोनाले कोनी इचारलं नसन, तूच काऊन वाचला म्हून."

लहानूला घाटावर आणलं त्या दिवशी तिनं तुला काय विचारलं होतं, ते मला तेव्हा कळलं. मी लहानूजवळ होते, मला ऐकू आलं नव्हतं. इतकी वर्षं मला वाटायचं, तू माझ्यापासून लांब गेलास.

मी तुझ्याकडून काही मागत नाही. तुझं घर असेल, माणसं असतील, मी मंगलीला विचारलं नाही. हे पत्र आईनं लिहायला लावलंय. ती शेजारी बसली आहे आणि मी शब्द बदलू नये म्हणून मला परत वाचून दाखवायला लावते. तिचं म्हणणं तिच्याच बोलीत लिहिते: "त्याले लिव, तो काठावर दिसला तवा मले बरं वाटलं होतं. एक तरी आला. पन तोंडातून भलतंच निंगालं. त्याले म्हन, जेवाले ये."

'तुझीच' असं लिहून गेले, खोडत नाही,
जया