सुनेच्या कपाटावरच्या गोळ्या

४ मे

माझा कांदा बंद केला. कुणी? सुनेच्या आईनं. पोट माझं, तोंड माझं, आणि हुकूम विहीणबाईंचा. लसूण बंद, कॉफीही बंद. उद्या श्वास बंद करायला सांगतील.

काल त्या मला त्यांच्या होमिओपॅथीवाल्यांकडे घेऊन गेल्या. मी त्यांना साखरगोळी डॉक्टर म्हणते. रोग आधीच हॉस्पिटलात कळलाय. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून सांगितलं — शरीरातले पहारेकरीच यकृताला चोर समजून झोडपत सुटलेत, आणि हे जन्मभर चालणार. मी म्हटलं, "आमच्या घरात भांडायला बाहेरचा माणूस कधी लागलाच नाही." त्या हसल्या नाहीत.

हॉस्पिटलच्या गोळ्यांनी रोग दबलाय, पण तोंड हे एवढं सुजलंय. आरशात भलतीच बाई दिसते, खाऊनपिऊन सुखी. झोप नाही, सकाळी मळमळ. म्हणून आता सोबत साखरगोळ्या.

साखरगोळी डॉक्टर म्हातारे आणि काडीसारखे. तासभर विचारत होते. कुठल्या कुशीवर झोपता? विजेला भिता? स्वप्नं कसली पडतात? रडताना कुणी जवळ घेतलं तर बरं वाटतं की राग येतो? म्हटलं, कुणी घेऊन बघितलंच नाही, सांगू कसं? त्यांनी तेही लिहून घेतलं. ह्यांनी लग्न झाल्यापासून मला एवढंच विचारलंय, "चष्मा कुठाय?"

निघताना डॉक्टरांनी बजावलं, "माझ्या गोळ्या झोपेसाठी, मळमळीसाठी. त्यांनी यकृत बरं होईल असं मी म्हणत नाही. हॉस्पिटलच्या गोळ्या एक दिवससुद्धा चुकवायच्या नाहीत." विहीणबाई तेव्हा बाहेर चपला शोधत होत्या.

६ मे

साखरगोळीच्या आधी अर्धा तास तोंड रिकामं, नंतर अर्धा तास रिकामं. दिवसातून तीनदा. "म्हणजे बोलायचं पण नाही का?" ह्यांनी विचारलं. फार आशेनं विचारलं.

विहीणबाईंचा फोन आला. हॉस्पिटलच्या गोळ्यांच्या वासानं साखरगोळीची ताकद जाते म्हणे, दोन्ही लांब ठेवा. सुनेनं लगेच हॉस्पिटलची पिशवी उचलली आणि आपल्या खोलीत कपाटावर ठेवली. मुलगा-सुनेच्या खोलीत मी बोलावल्याशिवाय पाऊल टाकत नाही. माझ्या सासूबाई माझ्या खोलीत दाणदाण शिरायच्या, तेव्हाच ठरवलं होतं. पण न्याहारी झाली की सून गोळ्या आणून हातावर ठेवते. तक्रार नाही.

११ मे

सुनेशी बोलणं बंद.

विहीणबाई आल्या होत्या. मी ओट्याशी उभ्यानं कांदा खात होते, मीठ लावून. सून आईला म्हणते, "बघ गं, आमच्या आईंना अगदी लहान मुलासारखं राखावं लागतं." आणि विहीणबाई हसल्या, नव्या कवळीसकट.

आता तिनं आधी बोलायचं. मी नाही.

१२ मे

न्याहारी झाली. गोळ्या हातावर आल्या नाहीत. मी मागणार नाही. मागायला मी लहान मूल आहे का?

१३ मे

सून ह्यांना म्हणाली, "बाबा, तुम्हीच आईंना गोळ्या देत जा, माझ्या कपाटावर आहेत." हे म्हणाले, "हो हो." पेपरातून डोकं वर नाही. कशाला हो म्हटलं ते ह्यांनाही ठाऊक नसणार. ती मात्र निश्चिंत.

२१ मे

गाल उतरले. ब्लाउजचे हुक लागले. विहीणबाई फोनवर नाचायच्या बाकी होत्या — "पाहिलात आमच्या डॉक्टरांचा गुण?" साखरगोळ्यांची डबी माझ्या उशाशीच असते, त्या मी वेळेवर घेते. हॉस्पिटलच्या गोळ्यांवाचून काही अडलेलं दिसत नाही.

२८ मे

अडलं बहुतेक. चार पायऱ्या चढले आणि मधेच बसले. अंगाला खाज. लघवी कोऱ्या चहासारखी. सांगायचं कुणाला? सुनेशी बोलत नाही. ह्यांना सांगितलं. "हो हो."

२ जून

मुलगा साखरगोळी डॉक्टरांकडे घेऊन गेला. मी दोन स्वप्नं ठरवून ठेवली होती सांगायला. त्यांनी स्वप्न विचारलंच नाही. सरळ उठले, माझी पापणी खाली ओढून डोळा बघितला.

"हॉस्पिटलच्या गोळ्या घेताय ना?"

"सुनेच्या कपाटावर आहेत."

"आजी, पोटात जातात का?"

"कुणी देत नाही."

"का?"

"बोलणं बंद आहे. तीन आठवडे झाले."

मुलाचं तोंड बघण्यासारखं झालं. "आई, तीन आठवडे? मला नाही सांगायचं?"

"तू घरी असतोस कधी?"

वासाचं कळल्यावर डॉक्टर म्हणाले, असं त्यांनी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. "दोन्ही शेजारी ठेवा, उशाखाली ठेवा, पण हॉस्पिटलच्या घ्या." मग स्वतः हॉस्पिटलला फोन लावला. म्हणाले, "आत्ता न्या. घरी जाऊन कपडे घेत बसू नका."

३ जून

हॉस्पिटलात. हाताला सुई. रक्तातले आकडे फार चढलेत. यकृत सावरेल की नाही, ते दोन-चार दिवसांत कळेल. डॉक्टरीणबाईंनी लपवलं नाही. बरं केलं.

मी डोळे मिटून पडले की सगळ्यांना वाटतं झोपले. मुलगा सुनेला बोलला. सून ह्यांना बोलली. हे म्हणाले, "मला कुणी सांगितलंच नाही." विहीणबाईंनी फोन करून साखरगोळी डॉक्टरांनाच झाडलं. पलंगावर मी, आणि भांडण कुठल्या कुठे.

सून खुर्चीतून उठत नाही. नाक लाल झालंय.

४ जून

मरायची भीती वाटते. हे इथंच लिहिते, तोंडानं बोलणार नाही.

गोळ्या कुणी थांबवल्या, ते डॉक्टरीणबाई आज सगळ्यांसमोर विचारणार आहेत. दाराबाहेर सून पुटपुटत होती, "माझी चूक झाली, माझी चूक झाली." मी हाक मारली. दचकली. म्हटलं, "ये पोरी, नाक पूस. डॉक्टरीणबाई आल्या की तू गप्प बसायचं. तुझ्या आईनं, नवऱ्यानं, सासऱ्यानंही. गोळ्या मी घेतल्या नाहीत. उत्तर मी देईन."