भोंगा वाजल्यावर

४ सप्टेंबर, सोमवार

आलो एकदाचे. सामानाचा ट्रक आमच्या आधी पोचला होता आणि हमाल ओसरीवर आमच्याच खुर्च्यांत पाय पसरून बसले होते. घर दुमजली. खाली स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली, वर झोपायच्या दोन खोल्या. वरच्या खिडकीतून समुद्र दिसतो, अगदी समोर. ही सामान लावायचं सोडून तासभर खिडकीतच उभी. तिला असं खुशीत बघून बरेच दिवस झाले होते.

माझं ऑफिस गल्लीच्या टोकाला, पायी चार मिनिटांवर. एक खोली, एक वायरलेस, नकाशा, आणि छपरावर भोंगा. वादळाची किंवा पुराची खबर आली की भोंगा वाजवायचा आणि लोकांना गावाबाहेर काढायचं, एवढंच काम. हिनं विचारलं, वादळ आलंच नाही तर दिवसभर करणार काय? मी म्हटलं, येऊ नये म्हणून वाट बघत बसणार. खूप हसली. या वयात बदली म्हणून कुरकुर करत निघालो होतो, पण जागा बरी वाटते.

८ सप्टेंबर, शुक्रवार

चार दिवस घरोघर फिरतोय. वरून छापील फॉर्म आलेत. खालच्या भागातली बासष्ट घरं झाली. पहिला प्रश्न, पुराचा धोका किती वाटतो? फार, थोडा की मुळीच नाही? बासष्टच्या बासष्ट घरांनी ‘फार’ सांगितलं. शेवटचा प्रश्न, इशारा मिळाल्यावर घर सोडाल का? बासष्टच्या बासष्ट ‘नाही’.

अठ्ठावीस वर्षं या खात्यात काढली. भीती वाटत नाही म्हणून न हलणारी माणसं खूप पाहिली. त्यांना पटवता येतं. जुने फोटो दाखवावेत, आकडे सांगावेत, थोडं रागवावं. पण या लोकांना सगळं ठाऊक आहे. पाणी कुठून शिरतं, कुठल्या पायरीपर्यंत किती वेळात चढतं, हे ते मलाच समजावून सांगतात आणि वर चहा विचारतात.

आठ वर्षांपूर्वीच्या पुरात इथली एक्केचाळीस माणसं वाहून गेली. एकही सापडलं नाही. शेजारच्या शिंपीणबाईंचा नवरा त्यातलाच. तुम्ही तरी का जाणार नाही, असं मी त्यांना विचारलं. त्या मशीनवरून मान वर न करता म्हणाल्या, घरी कुणीतरी असायला हवं ना. हिची आणि त्यांची चांगली गट्टी जमली आहे. ही त्यांच्याकडे शिवण शिकायला जाते.

१२ सप्टेंबर, मंगळवार

आज पहिल्यांदा भोंगा वाजवला. वादळ दूर होतं, पण भरती मोठी येणार अशी खबर होती. दुपारी चारच्या सुमाराला गल्लीत गुडघ्याच्या थोडं खाली पाणी आलं. नुकसान म्हणावं असं काही नाही.

पण भोंग्यानंतर जे पाहिलं ते लिहून ठेवतो. कुणी सामान वर नेलं नाही. कुणी दाराशी वाळूची पोती लावली नाहीत. सगळ्यांनी खालची खोली झाडून घेतली आणि पुढची दारं सताड उघडी टाकली. शिंपीणबाईंनी दाराजवळ खुर्ची मांडून तिच्यावर इस्त्री केलेला सदरा-पायजमा आणि पंचा ठेवला. मी ओरडून दार लावायला सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि लावलं नाही.

ही वरून बघत होती. तिचे डोळे भरून आले. म्हणाली, माणूस गेलं की जिवाला असलं काहीतरी लागतं, तुम्ही त्यात बोलू नका. मलाही तसंच वाटलं.

१३ सप्टेंबर

सकाळी पाणी उतरलं होतं. पाहणीला म्हणून शिंपीणबाईंकडे गेलो. फरशीवर गाळाचा पातळ थर आणि त्यात पावलं. मोठी, पुरुषाची, अनवाणी. दारापासून खुर्चीपर्यंत. सदरा-पायजमा ओला होऊन फरशीवर पडलेला. पाण्यानं पाडला असेल म्हणावं तर बाह्या उलट्या झालेल्या होत्या, अंगातून काढताना होतात तशा.

बाई गुणगुणत झाडत होत्या. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, आले होते, थोडा वेळ बसले.

१६ सप्टेंबर

घरात राहवेना म्हणून मास्तरांकडे गेलो. निवृत्त गणिताचे मास्तर, गावातले सगळ्यांत धड डोक्याचे गृहस्थ. म्हटलं, हे हसण्यावारी नेतील. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यांची पुरात गेलेली बायकोसुद्धा येते असं सांगितलं.

त्यांचे शब्द आठवतील तसे देतो. “पहिल्या खेपेला बोलतात हो. अगदी नेहमीसारखं, तेवढीच कटकट, तेवढीच चौकशी. पुढे पुढे नुसतं बसतात. आता तिला माझं नावही येत नाही. पण येते.” मी उठलो तेव्हा म्हणाले, “जाताना त्यांना एकटं जायला नको असतं. पाणी थोडं असलं की आपल्याला मागे राहता येतं. मोठं असलं की नाही राहता येत. आम्ही सगळे मोठ्याची वाट बघतोय, साहेब. तुमचा फॉर्म भरताना हे कुठल्या रकान्यात लिहायचं?”

हिला यातलं काही सांगितलं नाही.

२७ सप्टेंबर

वर रिपोर्ट पाठवला. लोक धोका ओळखून आहेत, सहकार्य करत नाहीत, इतकंच लिहिलं. आणखी काय लिहिणार? वेड लागलं म्हणून मलाच आधी हलवतील.

हिला म्हटलं, थोडे दिवस माहेरी जाऊन ये. तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

९ ऑक्टोबर, सोमवार

समुद्रात मोठं वादळ तयार झालंय. वायरलेसवरचा माणूस आकडे दोन-दोनदा सांगतो. बुधवारी दुपारी इथे धडकणार. पाणी वरच्या मजल्याला टेकेल असा अंदाज आहे.

भोंगा वाजवला. गल्लीतल्या बायका अंगणात येऊन एकमेकींकडे बघून हसल्या. लग्नघरात हसतात तशा. शिंपीणबाईंनी नवी साडी काढली आहे.

१० ऑक्टोबर

दिवसभर दारं ठोठावली. हात जोडले, शिव्या दिल्या. उद्या सकाळी दहाला बस येणार. खाडीच्या बांधावरचा रस्ता अकरापर्यंतच चालू राहील, त्यानंतर भरवसा नाही.

ही म्हणते, तुम्ही थांबणार तर मीही थांबते. आमचं जोरात भांडण झालं. तीस वर्षांत तिच्यावर असा ओरडलो नव्हतो. शेवटी तिनं एक पिशवी भरली.

११ ऑक्टोबर, बुधवार. सकाळ

बस दहाला आली. ही आणि सात माणसं, बाकी सगळी बाकं रिकामी. मला ते बघवेना. ड्रायव्हरला म्हटलं, दहा मिनिटं थांब, आणखी काहींना आणतो. पुन्हा घरोघर गेलो. मास्तरांना अक्षरशः हाताला धरून ओढलं. त्यांनी हात सोडवून घेतला आणि म्हणाले, स्वतःच्या माणसाला आधी पाठवा. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला. मी हातानंच थांब म्हणून खूण केली.

एकही माणूस मिळाला नाही. बस सुटली तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते.

हिनं खिडकीतून हात केला. रागावलेली होती. हसली नाही.

दुपारी १

ऑफिसात पाणी. वायरलेस घेऊन घरी वरच्या मजल्यावर आलोय. खालचं दार कडी-कुलूप लावून बंद केलंय. बाहेर संध्याकाळसारखा अंधार आणि सगळी दारं उघडी—

दीड

बांधापलीकडच्या चौकीला विचारलं. बस आली नाही म्हणतात. वाटेत असेल.

दोनला पाच कमी

पुन्हा विचारलं. बांध बाराच्या आधीच फुटला. मधोमध. माणूस म्हणाला, बस दिसत होती, मग दिसली नाही. मग म्हणाला, साहेब, ऐकताय ना?

ऐकतोय.

सव्वादोन

वायरलेस बंद. जिन्याच्या नऊ पायऱ्या बुडाल्या. चार उरल्या.

शेजारी खुर्च्या सरकवल्याचा आवाज. पाण्याखाली खुर्च्या सरकतात. शिंपीणबाई कुणाशी तरी बोलतायत, भराभर, लाडानं. मग एकदम थांबल्या.

मास्तरांच्या घरातूनही आता काही—

अडीच

खालचं दार वाजलं.

ते पूर्ण बुडालेलं आहे. वर वीतभर पाणी आहे त्याच्या. काहीतरी वाहत येऊन आपटलं असेल. ओंडका असेल.

तीनदा वाजलं. थांबून थांबून. किल्ली विसरली की ती तसंच

दोन चाळीस

जिन्यावर आहे.

माझ्या खोलीच्या दाराशी. आवाज तिचाच. मास्तर म्हणाले तसाच, नेहमीचा. अहो, उघडा ना. मग म्हणाली, मी आता रागावले नाहीये. मग विचारलं, सकाळपासून काही खाल्लंत का?

मी तोंडावर हात दाबून बसलोय.

दाराखालून पाणी येतंय. थंड नाही. कोमट—

म्हणते, बसमध्ये सगळे तुमच्या नावानं ओरडत होते, मी त्यांना म्हटलं, ते येतील, ते कुणाला टाकून जात नाहीत. म्हणते, परत इतक्या लांब एकटीला जायची भीती वाटते.

तिला काही ठाऊकच नाही. तिला वाटतं रस्ताच वाईट होता.

कडी काढतो. वही कपाटावर ठेवतो, कुणाला सापडली तर एवढं वाचा, दोष पाण्याचा नाही, बस दहाला उभी होती, बांध शाबूत होता, मी जर ड्रायव्हरला तेव्हाच जा म्हणून