हरकत नसलेल्या एकमेव इसमाच्या घरातून जाणारे दोन रेल्वेमार्ग

प्रति,
मा. मुख्य नियोजन अधिकारी साहेब,
नवीन प्रादेशिक रेल्वेमार्ग (प्रवासी व माल) प्रस्ताव कार्यालय,
दुसरा मजला, पंखा बंद असलेली खोली.

अर्जदार : गादी कारखानदार, बाजार रस्त्याच्या टोकाचे घर. (नकाशात शोधू नये. नकाशात त्या जागी रूळ आहेत.)

विषय : मी हरकत न घेतल्यामुळे दोन्ही नियोजित रेल्वेमार्ग माझ्याच घरातून नेण्यात आल्याबाबत, आणि एवढे होऊनही गाडी माझ्या मुलीच्या गावी थांबणार नसल्याबाबत.

संदर्भ : १) आपली हरकती मागविणारी जाहीर सूचना. २) माझे संमतिपत्र, जे मी आनंदाच्या भरात लिहिले. ३) आपली आभारपत्रे. ४) सौभाग्यवतींचे तोंडी म्हणणे, रोजचे.

महोदय,

१. सविनय कळवितो की, मी गाद्या, उशा व लोड तयार करण्याचा धंदा करतो. पुढे दुकान, मध्ये राहते घर, मागे परस आणि परसात लिंबाचे झाड, अशी माझी मिळकत आहे. घरात आम्ही नवराबायको दोघेच. एकुलती एक मुलगी डोंगरापलीकडच्या गावी दिली आहे. गाव तसे लांब नाही, आमच्या गच्चीवरून त्या डोंगरावरचा मनोरा दिसतो. पण जायचे म्हटले की दोन बस, एक होडी, आणि मध्ये कुठल्यातरी उपाहारगृहात विनाकारण ताटकळणे, असा अख्खा दिवस मोडतो. मुलीला बस लागते. नात तान्ही असताना एकदा आली होती, ते तिला आठवणे शक्य नाही. आता ती आम्हाला मोबाईलवर भेटते. परवा तिने आईला विचारले की आजोबांना पाय आहेत का, कारण तिने मला छातीपर्यंतच पाहिलेले आहे. मी फोन खाली धरून पाय दाखवले, तर म्हणाली, हे दुसऱ्या कोणाचे तरी आहेत. साहेब, हसण्यासारखीच गोष्ट आहे. आम्हीही हसलो. त्या रात्री सौभाग्यवती जेवल्या नाहीत.

२. अशा परिस्थितीत आपली सूचना वर्तमानपत्रात आली, की आमच्या गावापासून मुलीच्या गावावरून पुढे प्रवासी गाडी व मालगाडी यांचे स्वतंत्र मार्ग प्रस्तावित आहेत, तरी कोणाच्या हरकती असल्यास कळवाव्यात. मुलीचे गाव पाऊण तासावर येणार होते! मी त्याच दिवशी लिहून दिले की, माझी काहीही हरकत नाही, उलट आनंदच आहे, लागेल ते सहकार्य करीन. शेवटच्या वाक्याला सौभाग्यवतींचा विरोध होता. सरकारी कागदावर इतकं गोड बोलू नये, असे त्यांचे म्हणणे पडले. मी म्हणालो, चांगल्या कामात हात आखडता घेऊ नये. हे माझे वाक्य त्या आता मला चहाबरोबर रोज देतात.

३. बाकी गावाने हरकती दिल्या. दंतवैद्यांनी लिहिले की गाडीच्या हादऱ्याने हात हलेल आणि भलताच दात हातात येईल. (तो तसाही येतो. माझा आलेला आहे.) पाववाल्यांनी लिहिले की भट्टीत फुगलेला पाव खाली बसेल. गायनाच्या बाईंनी लिहिले की इंजिनाची शिट्टी कोणत्याच सुरात नसते. निवृत्त हेडमास्तरांनी तत्त्वतः हरकत घेतली आणि तत्त्व मागाहून कळवतो असे लिहिले. हीच सगळी मंडळी संध्याकाळी माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून, गाडी कधी एकदाची सुरू होते, म्हणून तळमळत असतात. गाडी सगळ्यांना हवी आहे साहेब, रूळ कोणालाच नको आहेत.

४. आपल्या नियमाप्रमाणे जिथे हरकत तिथून मार्ग हलवायचा आणि जिथे संमती तिथून न्यायचा. आता अख्ख्या गावात संमती एकट्या माझी. त्यामुळे पहिल्या सुधारित नकाशात प्रवासी मार्ग दंतवैद्यांच्या मागून निघून, पाववाल्यांना वळसा घालून, माझ्या परसात आला. मी म्हटले, येऊ दे. लिंबाचे झाड गेले तर गेले, गाडीत मुलगी असेल. मोजणीला येणारे आपले छोटे साहेब दुपारी माझ्याच दुकानातल्या नमुन्याच्या गादीवर आडवे होत. उठले की नकाशा पसरून म्हणत, काका, तुमच्यासारखी माणसं असली की काम कसं सोपं होतं. मला बरे वाटे. स्तुती कोणाला नको असते? दुसऱ्या नकाशात मालगाडीचा मार्ग माझ्या दुकानातून गेला. नमुन्याची गादी रुळांच्या बरोबर मध्ये येते, हे मी छोट्या साहेबांना दाखवले. ते म्हणाले, बघू, आणि त्याच गादीवर कलंडले.

५. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, त्यातली गत झाली. तिसऱ्या नकाशात प्रवासी मार्ग परसातून सरकून आमच्या निजण्याच्या खोलीत आला असून सिग्नलची खोली न्हाणीघरात आली आहे. मध्ये उरले फक्त स्वयंपाकघर. त्यावर आपल्या कार्यालयाने ठळक अक्षरांत 'मोकळी जागा' असे छापले आहे. सौभाग्यवतींचे सगळे आयुष्य त्या मोकळ्या जागेत गेले आहे. त्यांची आपणांस विनंती आहे की आपण एकदा जेवायला यावे, म्हणजे ती किती मोकळी आहे ते त्या दाखवतील. (विनंती हा शब्द माझा आहे. त्यांचा शब्द अर्जात बसत नाही.)

६. गावाचे म्हणाल, तर गाव एकाएकी माझ्यावर फार प्रेम करू लागले आहे. पाववाले पाव गरम देतात. दंतवैद्य रस्ता ओलांडून तब्येत विचारतात. हेडमास्तरांनी वाचनालयात माझ्या त्यागावर तासभर भाषण केले आणि मला खुर्चीवर बसवून नारळासारखे समोर ठेवले. दुसऱ्याच्या घरावरून त्याग करायला काय जाते! तरीही मी गप्प बसलो. घर म्हणजे शेवटी विटा आहेत, लेक डोळ्यांसमोर येत असेल तर भाड्याच्या खोलीतही राहू, अशी मनाची समजूत घातली होती. सौभाग्यवतींनी भांडी बांधायलाही घेतली होती.

७. एवढ्यात आपले चौथे आभारपत्र आले आणि त्यासोबत थांब्यांची यादी आली. तीत मुलीच्या गावाचे नाव नाही. मी चष्मा पुसून पाहिले, सौभाग्यवतींनी चष्म्याशिवाय पाहिले, नाव नाही ते नाहीच. चौकशी करता कळले की तिथूनही हरकती आल्या असून पहिली हरकत माझ्या व्याह्यांची आहे! व्याही निवृत्त हिशेबतपासनीस आहेत. त्यांनी लिहिले आहे की, स्थानक जवळ झाल्यास सुना ऊठसूट माहेरी जातील व घराघरांतील शिस्त बिघडेल, सबब गाडी थांबवू नये. गल्लीतल्या यच्चयावत पुरुषांच्या सह्या त्यांनी दारोदार फिरून घेतल्या. तिथे संमती एकाचीही नाही, म्हणून स्थानक नाही. म्हणजे साहेब, माझे घर पाडून निघालेली गाडी माझ्या मुलीच्या दारावरून शिट्टी मारत पुढे जाणार, आणि मुलगी नातीला कडेवर घेऊन त्या गाडीला हात करणार. हे वाचून मला दुकानात, गिऱ्हाईकासमोर रडू आले. गिऱ्हाईकाला वाटले कापसाचा धुरळा डोळ्यांत गेला. तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले, दुसरे काय?

८. मी तडक आपल्या कार्यालयात आलो. खिडकीतल्या बाईंनी सांगितले की हरकतीची मुदत संपली. शिवाय ज्याने एकदा संमती दिली त्याला हरकत घेताच येत नाही. काका, एकदा हो म्हटलं की हो, असे त्या म्हणाल्या. मग मला काय करता येईल, असे विचारल्यावर म्हणाल्या, आणखी संमती देता येईल, संमतीला मुदत नसते. मी खचून बाकावर बसलो. सौभाग्यवती मात्र उभ्याच राहिल्या. त्यांनी बाईंकडून तो नियम दोनदा मोठ्याने वाचून घेतला, आणि म्हणाल्या, मग संमतीच देऊ की.

९. त्याप्रमाणे मुलीने व्याह्यांच्या घरातून संमतिपत्र पाठवले. ते बाईंनी परत केले, कारण सून घराची मालक नसते, संमती मालकाची लागते. बाईंचे चुकले नाही, नियम तो नियम. परंतु सदर घर व्याह्यांच्याही नावावर नाही! कर वाचवण्यासाठी त्यांनी ते पूर्वीच विहीणबाईंच्या नावावर करून ठेवले आहे. हिशेबतपासनीस माणूस, अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. मुलीने भीत भीत सासूबाईंना विचारले. त्यांनी भांडी घासता घासता सगळे ऐकून घेतले, हात पुसले, आणि कागद मागितला. त्यांचे संमतिपत्र सोबत जोडले आहे. आता त्या संपूर्ण गावात हरकत नसलेली व्यक्ती म्हणजे विहीणबाई एकट्या. आपला नियम आपणांस मी काय सांगावा.

१०. सबब विनंती की, प्रवासी गाडी व्याह्यांच्या अंगणातून न्यावी व तिथेच थांबवावी. आमच्याकडे ती पहिल्या नकाशाप्रमाणे परसातून न्यावी, लिंबाचे झाड मी आपल्या हाताने तोडून देतो. परंतु निजण्याची खोली, न्हाणीघर आणि ती मोकळी जागा सोडावी. मुलगी एवढी गाडीतून उतरली तर तिने जायचे कुठे? मालगाडीसाठी माझ्या दुकानाऐवजी हेडमास्तरांच्या बंगल्याचा विचार व्हावा. त्यांची हरकत तत्त्वतः असून तत्त्व अद्याप आलेले नाही, आणि त्यागावर त्यांच्याइतके चांगले गावात कोणी बोलत नाही.

आपण योग्य तो निर्णय लवकर घ्यावा. नातीचे फोनवरचे वय भराभर वाढते आहे.

आपला, अजूनपर्यंत तरी नम्र,

(सही)
गादी कारखानदार

(सही)
सौभाग्यवती, अर्ज वाचून व तीन ठिकाणी सौम्य करून

दिनांक : चालू महिन्याची सतरा, दुपार

प्रत : कोणासही पाठवू नये. व्याह्यांना तर नाहीच नाही.

सोबत :
१) मुलीचे परत आलेले संमतिपत्र.
२) घर विहीणबाईंच्या नावावर असल्याचा उतारा.
३) विहीणबाईंचे संमतिपत्र, स्वहस्ते. त्यांनी लिहिले आहे : "माझी काहीही हरकत नाही. अंगणात यांची आरामखुर्ची असते, ती मी काढून देईन. पुढचं स्थानक माझ्या माहेरचं आहे. लग्न झाल्यावर मी तिकडे दोनदाच गेले, बसची सोय नाही असं घरात सांगतात. आई आता थकली आहे. तिथे तरी कोणी हरकत घेतलेली नाही ना, तेवढं मला कळवा."